ती बसली की आपण थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये, म्हणजे लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या दलात, भरती झाला, आता कुत्र्यांच्या प्रशिक्षणासाठी मेरठला निघाला आहे. घरात आई म्हणते, फौजेत जाऊन पोरानं कुत्रं सांभाळायचं का? सैनिक आणि कुत्रा यांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात, पण ते नातं खरं असतं की सगळा खेळ चेंडूचा आणि खाण्याचा? ते जुळतं कसं? आणि बदली झाली की त्या कुत्र्याचं काय?

आधी आईंसाठी सांगतो. वाटेत सुरुंग नाहीत हे तपासून रस्ता खुला करायला पहाटे जी तुकडी निघते, तिच्यात सगळ्यांच्या पुढे कुत्रा चालतो. त्याच्यामागे पट्टा धरून एक माणूस चालतो आणि त्याच्या पावलावर पाऊल ठेवून बाकीचे येतात. तो पट्टा धरणारा माणूस म्हणजे उद्याचा तुमचा भाऊ. आईंना सांगा, पोरगं कुत्रं सांभाळायला चाललेलं नाही. पंचवीस-तीस जणांचे पाय सांभाळायला चाललं आहे.

मी या कोअरमध्ये २२ वर्षं नोकरी केली. त्यातली १७ कुत्र्यांबरोबर गेली, बरीचशी काश्मीरात आणि काही राजस्थानात. एकूण चार कुत्रे माझ्याकडे होते. इथे जे सांगतो ते बहुतेक शेवटच्या कुत्रीबद्दल आहे. काळी लॅब्रॅडॉर, स्फोटकं हुंगणारी. तिचं कागदावरचं नाव आणि नंबर इथे देत नाही. मी तिला 'बाई' म्हणायचो, आणि पुढे सगळं युनिटच म्हणायला लागलं.

चेंडूचं आधी बोलू, कारण तुमच्या प्रश्नात तो जरा हलक्या सुरात आला आहे. चेंडू ही कुत्र्याची मजुरी आहे. स्फोटकाचा वास आला की चेंडू मिळतो, एवढं गणित त्याच्या डोक्यात पक्कं बसवायचं, यावरच सगळं प्रशिक्षण उभं असतं. टीएनटी काय आणि आरडीएक्स काय, त्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला खेळायचं असतं. पण मजुरी मिळते म्हणून कामात जीव नसतो, असं आपण माणसाबद्दल कधी म्हणत नाही. बाईपुढे दुसऱ्या कुणी तोच चेंडू नाचवला तर ती बघायची, शेपूट हलवायची आणि मान वळवून माझ्याकडे पाहायची. दुपारी, तहानेनं जीभ बाहेर आलेली असताना, चार तास काही सापडलेलं नसताना ती नाक खाली घालून चालत राहायची, ती नुसत्या चेंडूसाठी नव्हे. पट्टा माझ्या हातात होता म्हणून चालायची. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करतं तेच हे द्रव्य. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे आढळलं नाही. तेव्हा नातं खरं आहे का, याचं उत्तर होय.

पण मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. कुत्र्यानं माणसावर विश्वास टाकणं हा या नात्याचा सोपा भाग. निसर्गानंच त्याला तसं घडवलं आहे, महिन्याभरात जमतं. माणसानं कुत्र्यावर विश्वास टाकणं अवघड. त्याला मला दोन वर्षं लागली.

मेरठची कुत्र्यांची शाळा १९६० सालची. माग काढणारे, पहारा देणारे, सुरुंग आणि स्फोटकं हुंगणारे, हिमस्खलनात माणूस शोधणारे, हल्ला करणारे असे सगळे तिथे घडतात. जातीही निरनिराळ्या. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड पहिल्यापासून, आता बेल्जियन मॅलिनॉईज पुष्कळ. आपल्या मुधोळच्या हाउंडची पिल्लं २०१६ मध्ये तिथे गेली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आज मुधोळ कर्नाटकात असलं तरी ते संस्थान घोरपड्यांचं, आणि त्यांनीच ती जात जपली, वाढवली. आमच्या भागातले धनगर जे उंच, सडपातळ कुत्रे बाळगतात ते तिचेच भाऊबंद. मुधोळ हा डोळ्यानं शिकार धरणारा कुत्रा, धावण्यात त्याला तोड नाही. माझ्या मते त्याच्याकडून लॅब्रॅडॉरचं काम मागू नये, त्याचं म्हणून जे आहे ते मागावं. असो, तो वेगळा विषय आहे.

भाऊ तिथे पोचला की पहिले काही दिवस त्याला वाटेल, आपल्याला काहीच शिकवत नाहीत. हुकूम देऊ नकोस, 'सिट' म्हणू नकोस, नुसतं कुत्र्याबरोबर राहा. केनेल धू, भांडं घास, ब्रश कर, फिरवून आण. नव्या पोरांना याचा कंटाळा येतो. मला आला नाही, त्याचं श्रेय वडिलांना. आमच्या घरी एकच बैलजोडी होती. संध्याकाळी औत सुटलं की वडील आधी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायचे, मग पायावरून खाली खुरापर्यंत. डोळे भलतीकडेच असायचे, बोलणं आमच्याशी चालू असायचं, हात मात्र बघत असायचा. खांदा सुजला आहे का, खुरात खडा आहे का, कातडी गरम लागते का. मेरठला ब्रश हातात आला तेव्हा कळलं की ग्रूमिंग ग्रूमिंग म्हणतात ते हेच. कुत्र्याची कातडी चमकावी म्हणून ते नसतंच. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हात फिरला की त्या शरीराचा कोपरान् कोपरा तळहाताला पाठ होतो. मग एखाद्या दिवशी काखेत बाजरीच्या दाण्याएवढी गोचीड असली तरी अंधारात सापडते. आणि कुत्र्यालाही कळतं की हा हात दुखवायला येत नाही. पुढे कधी जखम बांधायची वेळ आली, कानाजवळ गोळ्या सुटत असताना त्याला खाली दाबून धरायची वेळ आली, तर हीच ओळख उपयोगी पडते. त्या वेळी नव्यानं विश्वास तयार करता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. बाई माझ्याकडे आली तेव्हा सव्वा वर्षाची होती. वासाचं काम सुरू होऊन महिना-दीड महिना झाला होता. मोकळ्या मैदानात स्फोटकाचा नमुना पुरलेला असायचा. उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारे, तो शक्यतो विटांच्या ढिगाजवळ पुरतात, हे माझ्या लक्षात आलेलं. त्या दिवशी बाई सारखी एका बाभळीच्या बुंध्याकडे ओढत होती. मी दोनदा पट्टा ओढून तिला विटांकडे आणलं. तिसऱ्यांदा मी विटांपाशी उभाच राहिलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. ती थोडं घुटमळली आणि बसली. आमच्या कामात बसणं म्हणजे 'इथे आहे'. मी 'शाबाश' म्हणून चेंडू टाकला.

उस्ताद काही बोलले नाहीत. मला विटा हातानं बाजूला करायला लावल्या. खाली काही नव्हतं. मग बाभळीचा बुंधा उकरायला लावला, तिथे वीतभर खाली नमुना होता. ते एवढंच म्हणाले, "आज तू तिला खोटं बोलायला शिकवलंस." ते वाक्य मला अजून टोचतं. तिला खरं माहीत होतं, ती दोनदा सांगत होती, आणि मी माझ्या हुशारीनं तिला गप्प केलं. वर चेंडूही दिला. म्हणजे हिशेब असा झाला की वासाकडे नको, माझ्या तोंडाकडे बघ. ती सवय मोडायला तीन आठवडे गेले.

हे फक्त माझंच झालं असं समजू नका. २०११ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात एक प्रयोग झाला. अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या १८ कुत्र्यांच्या हँडलरना, म्हणजे पट्टा धरणाऱ्यांना, सांगितलं की इमारतीत वास लपवले आहेत आणि काही ठिकाणी लाल कागद खूण म्हणून लावला आहे. प्रत्यक्षात वास कुठेच नव्हता. १४४ वेळा शोध घेतला, त्यातल्या फक्त २१ वेळा कुत्र्यानं 'काही नाही' असं बरोबर सांगितलं. बाकीच्या वेळी कुठे ना कुठे इशारा झाल्याची नोंद हँडलरनी केली, आणि लाल कागदापाशी जास्त. नाकाचा यात दोष नाही. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी वीस-तीस कोटी असतात, आपल्या पन्नास-साठ लाख. दोष आपल्या डोळ्यांचा, आपल्या खांद्यांचा, पट्ट्यावर नकळत पडणाऱ्या ताणाचा. कुत्र्याला आपण इतके हवे असतो की आपल्याला हवं ते उत्तर तो देऊन टाकतो. प्रेम जितकं जास्त तितका हा धोका मोठा, हे भावाला पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

म्हणून प्रशिक्षणात रिकामे खड्डे खणून बुजवतात, कुत्रा ताज्या मातीवर बसू नये म्हणून. पुरणाऱ्याच्या हाताचा वास लागू नये म्हणून हातमोजे बदलतात. नमुना कुठे आहे हे हँडलरला सांगत नाहीत. आणि सगळ्यांत अवघड शिकवण ही की चालताना आपण तोंड, खांदे, श्वास सगळं सपाट ठेवायचं. पट्टा सैल. मनात काही धरायचं नाही. बोलायचं ते तिनं.

काश्मीरातला एक दिवस सांगतो, नोव्हेंबरचा. सफरचंदाच्या बागा उघड्या पडलेल्या, रस्त्यावर दंव. नऊ वाजता कॉनव्हॉय, म्हणजे लष्करी गाड्यांचा ताफा, निघायचा होता, त्याआधी आमचा टप्पा तपासून व्हायचा होता. रस्त्याखालची एक मोरी पार केली, तिथे तिनं काही दाखवलं नाही. पुढे साठ-सत्तर पावलांवर डागडुजीसाठी टाकलेल्या खडीचा ढीग होता. बाई त्याच्या कडेनं गेली, पुढे गेली, मग मान झटकून मागे वळली. तिची शेपटी थांबली. तोंड मिटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बसण्याच्या आधी हीच गोष्ट बघायची असते. धापा टाकणारं कुत्रं एकदम तोंड मिटून नाकानं श्वास घेऊ लागलं की समजायचं, काहीतरी लागलं. दोन वेळा हुंगून ती बसली.

मी हात वर केला. तुकडी जागच्या जागी थांबली.

सुरुंगशोधक यंत्र फिरवलं, ते वाजलं नाही. पुन्हा फिरवलं, नाही. आमच्याबरोबरचे तरुण साहेब माझ्याजवळ आले. चांगला माणूस होता, पण नऊ वाजत आले होते आणि रेडिओवर मागून विचारणा चालू होती. त्यांनी विचारलं, "पक्का है?" माझ्या मनातही तेच होतं. कदाचित दमली असेल, कदाचित ढिगाखाली कुणी खाणं टाकलं असेल. त्याच क्षणी मला बाभळीचा बुंधा आठवला. मी म्हणालो, "साहेब, मला माहीत नाही. तिला माहीत आहे." मग तिला दूर नेलं, पाणी दिलं आणि वाऱ्याची दिशा बघून दुसऱ्या बाजूनं पट्टा अगदी सैल सोडून आणलं. मी मुद्दाम दरीकडे बघत चाललो. ती त्याच जागी येऊन बसली.

बॉम्ब निकामी करणारं पथक आलं, दोन-अडीच तास गेले. खडीखाली प्लास्टिकचा डबा निघाला. आत स्फोटक होतं, तारा-डिटोनेटर काही जोडलेलं नव्हतं. कुणीतरी अर्धं काम करून ठेवलं होतं, उरलेलं नंतर करायला येणार होता. धातू नाही म्हणून यंत्र वाजलं नाही.

तिथे तिला चेंडू मिळाला नाही. खऱ्या कामगिरीत जागेवर चेंडू देत नाहीत, कारण खाली खरंच काय आहे हे त्या घडीला कुणालाच ठाऊक नसतं, आणि चुकीच्या बसण्याला मजुरी मिळाली तर पुढचं सगळं बिघडतं. पण कुत्रा रोज काम करून रिकाम्या तोंडानं परत आला तर तोही काम सोडतो. म्हणून परतल्यावर आपणच एक नमुना लपवायचा, तिला शोधू द्यायचा आणि तिथे मनसोक्त खेळवायचं. त्या संध्याकाळी मी पत्र्याच्या शेडमागे नमुना ठेवला. तिनं तो दीड मिनिटात शोधला आणि चेंडू घेऊन साऱ्या कॅम्पभर धावली. तिच्या लेखी दिवसाचं मोठं काम तेच होतं. सकाळचं फक्त मला माहीत होतं.

भीतीचंही तुमच्या भावाला सांगायला हवं. पोरांना वाटतं, भीती दिसू द्यायची नाही म्हणजे झालं. माणसांपासून ती लपते, कुत्र्यापासून लपत नाही. २०२२ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माणसांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने घेतले, ताण येण्याआधीचे आणि नंतरचे. प्रयोगातल्या कुत्र्यांनी ताणाचा नमुना जवळपास ९४ टक्के वेळा बरोबर ओळखला. आम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं, फक्त आकडा नव्हता. घरून वाईट बातमी आली की दुसऱ्या दिवशी बाईचं काम ढिलं पडायचं. वडील गेले तेव्हा रजा मंजूर होईपर्यंतचे दोन दिवस मी स्वतःहून सांगून तिला कामावर नेलं नाही. उस्ताद झाल्यावर मी माझ्या पोरांना हेच सांगायचो, मन ठिकाणावर नसेल तर स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही. तुमचं लपवलेलं दुःख कुत्रा वाहतो, आणि मग त्याच्या नाकावर बाकीचे विसंबतात.

बाकी रोजची निगा. यात प्रेम दिसत नाही, पण असतं ते यातच. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतून येतो, अंग थंड करायला त्याच्याकडे धाप टाकण्यापलीकडे फारसं काही नसतं. त्याचं नेहमीचं तापमानच १०१-१०२ फॅरनहाइट. राजस्थानात मे महिन्यात ते बघता बघता १०५-१०६ वर जातं आणि मग जीव वाचवणं कठीण होतं. कामातला कुत्रा, विशेषतः लॅब्रॅडॉर, 'आता पुरे' म्हणत नाही. कोसळेपर्यंत चालतो. थांबवायचं आपण. मी वीस मिनिटं काम झालं की सावली शोधायचो, पाणी थोडं थोडं पाजायचो, पोट आणि पंजे भिजवायचो. हिरड्या हाताच्या अंगठ्यानं दाबून बघायच्या, पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी झाली पाहिजे. बर्फात उलटं. बोटांच्या मधल्या केसांत बर्फाचे खडे तयार होतात आणि कुत्रा लंगडायला लागतो, म्हणून तिथले केस कातरून ठेवायचे. आणि स्वतःच्या जेवणाआधी तिचं जेवण. आम्हाला हे कुणी लिहून दिलं नव्हतं, पण ज्यानं आधी स्वतःचं ताट भरून घेतलं असा चांगला हँडलर मी पाहिला नाही.

ज्या कुत्र्यांची नावं तुम्ही बातम्यांत वाचली असतील त्यांच्याबद्दलही बोलतो. मानसी लॅब्रॅडॉर होती. ऑगस्ट २०१५ मध्ये कुपवाड्यातल्या तंगधार भागात घुसखोरांचा माग काढताना ती आणि तिचे हँडलर बशीर अहमद वार दोघेही गोळीबारात गेले. पुढे मानसीचं नाव मरणोत्तर 'मेन्शन इन डिस्पॅचेस'मध्ये, म्हणजे लष्करी अहवालातल्या शौर्याच्या खास उल्लेखात, आलं, कुत्र्याला तो मान पहिल्यांदाच मिळाला. ॲक्सेल हा मॅलिनॉईज जुलै २०२२ मध्ये बारामुल्ला जिल्ह्यात, घराची झडती घेताना. झूम ऑक्टोबर २०२२ मध्ये कोकरनागजवळ. त्याला दोन गोळ्या लागल्या तरी तो अतिरेक्यांवर तुटून पडला, आणि १३ ऑक्टोबरला श्रीनगरच्या लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयात गेला. केंट ही सहा वर्षांची लॅब्रॅडॉर, सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत तिच्या हँडलरला वाचवताना. ऑक्टोबर २०२४ मध्ये अखनूर भागात फँटम.

या सगळ्यांच्या फोटोंना मी हात जोडतो. पण 'बलिदान' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही, आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बलिदान करणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे माहीत असतं. बशीर अहमद यांना माहीत होतं. मानसीला एवढंच माहीत होतं की माझा माणूस इथे आहे आणि त्यानं पुढे जा म्हटलं आहे. दार उघडून कुत्र्याला आत सोडायचं ठरवतो तो माणूस. ते चूक असतं असं मी म्हणत नाही. त्या दारातून कुत्रा गेला नसता तर एखादं पोर गेलं असतं, आणि त्या पोराच्या आईसमोर उभं राहण्यापेक्षा मी हेच निवडीन. पण निवड आपली आहे, हे मनाशी कबूल असावं. तसं ते कबूल असलं की माणूस कुत्र्याला उगाच पुढे धाडत नाही. दहा वेळा वारा बघतो, आडोसा बघतो, मग सोडतो. त्याच्या विश्वासाची ही एवढी परतफेड आपल्या हातात असते.

न गेलेल्यांचीही आठवण ठेवा, त्यांच्या बातम्या होत नाहीत. उत्तर कमांडच्या विदा नावाच्या काळ्या लॅब्रॅडॉरला २०२० साली लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालं, पाच सुरुंग आणि एक हातबॉम्ब शोधल्याबद्दल. मुंबईकरांना झंजीर आठवत असेल. तो पोलिसांचा, पण नाकाच्या नात्यानं आमचाच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं, शिवाय ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब. २००० साली हाडाच्या कर्करोगानं तो गेला. त्या प्रत्येक किलोच्या मागे कुणीतरी पट्टा सैल धरून, गप्प राहून त्याचं ऐकलं होतं.

आता बदलीचं. कुत्रा युनिटचा असतो, आपला नसतो. आपण रजेवर जातो, कोर्सला जातो, बढती होते, पेन्शनीवर जातो. कुत्र्याची नोकरी साधारण आठ-नऊ वर्षांची होते, तेवढ्या काळात दोन-तीन माणसं सहज बदलतात. पूर्वी निकामी झालेल्या कुत्र्यांना दयामरण दिलं जायचं. २०१५ च्या सुमारास हा प्रश्न लोकांपुढे आणि कोर्टापुढे आला आणि धोरण बदललं. आता निवृत्त कुत्र्यांना मेरठला ठेवतात, दत्तकही देतात. ज्यांनी तो बदल घडवून आणला त्यांचे माझ्यासारख्यांवर उपकार आहेत.

बाई सहा वर्षांची होती तेव्हा माझी नोकरी संपत आली. तिला नवा माणूस दिला, विदर्भातलं पोरगं, बावीस-तेवीस वर्षांचं. हस्तांतर एका दिवसात करायचं नसतं. पहिले दहा दिवस आम्ही तिघं बरोबर हिंडलो. मी खाणं द्यायचो, तो बघायचा. मग तो द्यायचा, मी बघायचो. मग मी दूर उभा राहायचो. मग दिसेनासा व्हायचो, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे माझा वासही तिला लागू नये. ते दिवस माझ्यासाठी फार कठीण गेले. पहिल्या दिवशी मला शोधायला ती केनेलच्या जाळीपाशी दीड तास उभी होती आणि मी भिंतीआड होतो. बाहेर यायचं नाही, हे मी स्वतःला सारखं बजावत होतो. त्या वेळी तिच्यासमोर गेलो असतो तर मला बरं वाटलं असतं, आणि त्या पोराचे सगळे कष्ट वाया गेले असते.

त्याला मी एका वहीत लिहून दिलं. डाव्या मागच्या पायाच्या मधल्या बोटांत काटा बसतो, आधी तिथे बघ. विजा कडाडल्या की कामाला नेऊ नकोस, बोलत बस. दुधानं पोट बिघडतं. तोंड मिटलं की तू थांब, बसायची वाट बघू नकोस. आणि शेवटच्या पानावर बाभळीच्या बुंध्याची गोष्ट सगळी लिहिली, माझ्या चुकीसकट.

मी गावी आलो. चौथ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला, "उस्ताद, दोन दिवस झाले, खात नाही." मी म्हणालो, हातानं भरवू नकोस, लाडीगोडी लावू नकोस. भांडं ठेव, शेजारी बस, ब्रश कर, वीस मिनिटांनी भांडं उचल. उद्या पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं अर्धं खाल्लं, आठवड्यानं सगळं. मला आनंद झाला आणि त्या रात्री झोपही आली नाही. दोन्ही खरं.

नंतर सात-आठ महिने त्याचे फोन कमी होत गेले, आणि ते चांगलंच लक्षण होतं. मग एकदा भर सकाळी फोन वाजला. मागे वारा ऐकू येत होता, माणसांचे आवाज येत होते. तो घाईत होता, पण आवाज शांत होता. म्हणाला, "उस्ताद, आज बाई बसली. यंत्र वाजलं नाही. मी हात वर केला, सगळे थांबलेत."

मी विचारलं, "काय निघालं?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "अजून खोदतायत."